३८ जणांनी २४० जणांसाठी लढायचे का? ग्राहकांच्या सामूहिक तक्रारीविषयी

प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. २४० सदनिकांचा प्रकल्प आहे. करारातली तारीख उलटून तीन वर्षे झाली तरी ताबा मिळालेला नाही. ३८ खरेदीदार व्हॉट्सॲप ग्रुपवर एकत्र आले आहेत. त्यातल्या एकाचे म्हणणे आहे की अमेरिकेत करतात तशी क्लास ॲक्शन दाखल करू, एकाच केसमध्ये सगळ्यांचा निकाल लागेल. बाकीच्यांच्या शंका अशा आहेत: आपल्याकडे हे चालते का, खर्च कोणी करायचा, जे ग्रुपमध्ये आलेच नाहीत त्यांनाही आयते पैसे मिळणार का, आणि त्यापेक्षा ज्याने त्याने आपापली तक्रार केलेली बरी नाही का.

आपल्याकडे हे चालते. १९८६ च्या कायद्यातही ही सोय होती. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ती कलम ३५(१)(सी) मध्ये आहे. पण तुम्ही दिलेल्या माहितीवरून माझे मत असे आहे की तुम्हा ३८ जणांना या कलमाची गरज नाही. तुमच्यासाठी संयुक्त तक्रार, म्हणजे ज्यांची नावे आहेत तेवढ्यांनीच मिळून केलेली तक्रार, जास्त सोयीची आहे. हे दोन प्रकार वेगळे आहेत आणि त्यांची गल्लत झाली की वर्ष-दीड वर्ष नुसते 'तक्रार या स्वरूपात चालू शकते का' या मुद्द्यावर जाते. ग्राहक आयोगात काम करताना अशी प्रकरणे मी सतत पाहतो. माणसे प्रामाणिक असतात, गाऱ्हाणे खरे असते, कागदपत्रे भक्कम असतात, आणि तरीही बिल्डरचा वकील पहिल्याच तारखेला प्राथमिक हरकत घेऊन अख्खा गट थांबवतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी अमेरिकेबद्दल, कारण अपेक्षा तिथून आलेल्या आहेत. तिथल्या फेडरल दिवाणी प्रक्रियेत नियम २३ आहे. १९६६ मध्ये त्यात मोठी सुधारणा झाली. तेव्हापासून नुकसानभरपाईच्या दाव्यात जो 'मला वगळा' असे कळवत नाही, तो गटात धरला जातो. न्यायालय आधी चार गोष्टी पाहते: लोक इतके आहेत का, की प्रत्येकाला पक्षकार करणे अशक्यप्राय व्हावे, कायद्याचा किंवा वस्तुस्थितीचा प्रश्न समाईक आहे का, पुढे आलेल्याचे गाऱ्हाणे इतरांसारखेच आहे का, आणि तो व त्याचे वकील सगळ्यांचे हित सांभाळतील का. एकदा गट मान्य झाला की बहुतेक प्रकरणे तडजोडीने मिटतात. फोक्सवॅगनच्या डिझेल प्रकरणात (गाड्यांनी प्रदूषण चाचणीत फसवणूक केल्याच्या) २०१६ मध्ये सुमारे पावणेपाच लाख गाड्यांसाठी १,४७० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड झाली. गाडी कंपनीला परत विकायची की दुरुस्ती आणि रोख रक्कम घ्यायची, हे मालकांना निवडता आले. दुसऱ्या टोकाला रेड बुल या पेयाच्या जाहिरातीतल्या दाव्यांवरून झालेले २०१४ चे प्रकरण आहे. त्यात १.३ कोटी डॉलर ठरले, ग्राहकाला १० डॉलर रोख किंवा १५ डॉलरचा माल मिळणार होता, आणि दावे इतके आले की प्रत्येकाचा वाटा ठरल्यापेक्षा कमी झाला. 'घरबसल्या चेक येतो' ही गोष्ट खरी आहे, पण तो चेक अनेकदा एवढ्याच रकमेचा असतो.

तिथली ही सगळी व्यवस्था वकिलाच्या फीवर चालते. खर्च वकील करतो, जिंकला तर न्यायालयाच्या मंजुरीने मिळालेल्या रकमेतून हिस्सा घेतो, हरला तर त्याला काहीच मिळत नाही. त्यामुळे ज्याचे नुकसान दहा डॉलरचे आहे त्याच्यासाठीही कोणीतरी उभे राहते. भारतात बार कौन्सिलच्या नियमांनुसार निकालावर अवलंबून असलेली फी ठरवायला वकिलाला मनाई आहे. याचा सरळ अर्थ असा की तुमच्या लढ्यात पदरचे पैसे घालणारा तिऱ्हाईत इथे मिळणार नाही. गटालाच वर्गणी काढावी लागते. माझ्या मते अमेरिका आणि भारत यांच्यात सर्वांत मोठा फरक इथे आहे. कलमांच्या शब्दांमध्ये तेवढा नाही.

सत्यम या आयटी कंपनीचे उदाहरण अनेकांना आठवत असेल. २००९ मध्ये घोटाळा उघड झाला. अमेरिकी शेअर बाजारातून सत्यमचे रोखे घेतलेल्या गुंतवणूकदारांना तिथल्या सामूहिक दाव्यात २०११ साली कंपनीकडून १२.५ कोटी डॉलरची तडजोड मिळाली. इथल्या भागधारकांनी ग्राहक आयोग आणि सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले, पण त्यांच्या हाती काही लागले नाही. फसवणूक तीच होती. पुढे कंपनी कायदा २०१३ च्या कलम २४५ मध्ये भागधारक व ठेवीदारांसाठी सामूहिक दाव्याची तरतूद आली. ती राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणापुढे (एनसीएलटी) चालते आणि तिचा तुमच्या प्रश्नाशी संबंध नाही.

एका बाबतीत मात्र आपला ग्राहक अमेरिकी ग्राहकापेक्षा बऱ्या स्थितीत आहे. तिथे २०११ च्या एटी अँड टी विरुद्ध कन्सेप्शन या निकालानंतर कंपन्या करारात लवादाचे कलम (वाद न्यायालयाऐवजी खासगी लवादाकडे नेण्याची अट) घालून सामूहिक दाव्याचा रस्ताच बंद करू शकतात. आपल्याकडे एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले की करारात लवादाचे कलम असले तरी ग्राहक आयोगात जाता येते. तेव्हा तुमच्या करारनाम्याच्या मागच्या पानांवर लवादाबद्दल काही लिहिलेले असेल, तर त्याने घाबरून जाऊ नका.

आता आपले कलम. ३५(१)(सी) म्हणते की जिथे अनेक ग्राहकांचे हितसंबंध समान आहेत, तिथे त्यांच्यापैकी एक किंवा अधिक ग्राहक, आयोगाच्या परवानगीने, त्या सगळ्यांच्या वतीने किंवा सगळ्यांच्या फायद्यासाठी तक्रार करू शकतात. हीच प्रातिनिधिक तक्रार. पुढे कलम ३८(११) नुसार अशा तक्रारीला दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या ऑर्डर १ नियम ८ ची पद्धत लागू होते. लोकांचे लक्ष 'अनेक' या शब्दाकडे जाते. आयोगाचे लक्ष 'समान' आणि 'सगळ्यांच्या' या दोन शब्दांवर असते.

'सगळ्यांच्या' म्हणजे खरोखर सगळ्यांच्या. अंबरीश कुमार शुक्ला विरुद्ध फेरस इन्फ्रास्ट्रक्चर प्रकरणात राष्ट्रीय आयोगाच्या मोठ्या पीठाने २०१६ मध्ये सांगितले की या कलमाखालची तक्रार समान हित असलेल्या काही जणांपुरती करता येत नाही, ती सर्वांसाठीच करावी लागते. म्हणजे तुम्ही ३८ जण या कलमाखाली गेलात, तर तुम्ही २४० जणांच्या वतीने बोलत आहात. ज्यांना तुम्ही कधी भेटला नाहीत, ज्यांचे करार पाहिले नाहीत, ज्यांना ताबा हवा की पैसे परत हवे हेही तुम्हाला ठाऊक नाही, त्यांच्या वतीनेही.

'समान' या शब्दाबद्दल दोन्ही बाजूंचे निकाल आहेत आणि दोन्ही वाचले पाहिजेत. तमिळनाडू गृहनिर्माण मंडळ विरुद्ध टी. एन. गणपती हा सर्वोच्च न्यायालयाचा १९९० चा निकाल ग्राहकांच्या बाजूने वापरता येतो. मंडळाने घरे दिल्यावर गाळेधारकांकडे जादा किंमत मागितली होती. प्रत्येकाला मागणीची नोटीस स्वतंत्र होती, तरीही प्रातिनिधिक दावा चालतो असे न्यायालयाने ठरवले. प्रत्येकाची रक्कम वेगळी असल्याने हित वेगळे होत नाही. अंजुम हुसेन विरुद्ध इंटेलिसिटी या २०१९ च्या प्रकरणात राष्ट्रीय आयोगाने सामूहिक तक्रार नाकारली होती. तो आदेश सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला.

दुसऱ्या बाजूला ब्रिगेड एंटरप्रायझेस विरुद्ध अनिलकुमार विरमानी हा डिसेंबर २०२१ चा निकाल आहे. तुमच्या गटातल्या प्रत्येकाने तो वाचावा असे मला वाटते, कारण त्यातली परिस्थिती जवळपास तुमचीच आहे. बंगळुरूचा १,१३४ सदनिकांचा प्रकल्प, आणि ५१ सदनिकांचे ९१ खरेदीदार सगळ्यांच्या वतीने आयोगात गेलेले. न्यायालयाने विचारले की उरलेल्या हजारावर सदनिकाधारकांचे हित तुमच्यासारखेच आहे, हे तक्रारीत कुठे लिहिले आहे? ते पुरेसे मांडलेले नव्हते. म्हणून प्रातिनिधिक तक्रारीची परवानगी टिकली नाही. पण न्यायालयाने त्या ९१ जणांना घरी पाठवले नाही. कायद्यात 'ग्राहक' असे एकवचन असले तरी त्यात अनेकवचन येते, म्हणून एकाच कारणासाठी काही ग्राहक मिळून कलम ३५(१)(ए) खाली तक्रार करू शकतात, असे सांगून ती तक्रार संयुक्त तक्रार म्हणून चालू ठेवली.

यातून तुमच्यापुढे तीन पर्याय येतात. एकट्याची तक्रार, ज्यांची नावे आहेत तेवढ्यांचीच संयुक्त तक्रार, आणि नावे असोत-नसोत सगळ्यांसाठीची प्रातिनिधिक तक्रार. संयुक्त तक्रारीला खास परवानगी लागत नाही, जाहीर नोटीस लागत नाही, आणि उरलेल्या २०२ जणांच्या हिताची बाजू तुम्हाला मांडावी लागत नाही. आदेशाचा फायदाही मात्र फक्त ३८ जणांना.

कोणता पर्याय घ्यायचा हे एका तक्त्यावरून ठरते. माझ्याकडे गट आला की मी आधी तो भरून मागतो, केसबद्दलची चर्चा नंतर. रकाने असे: विंग, करारनाम्याच्या नोंदणीची तारीख, करारात दिलेली ताब्याची तारीख, त्यावर वाढीव मुदतीचे कलम आहे का, एकूण किंमत, आजवर भरलेली रक्कम, कर्ज असल्यास बँकेचे नाव, बिल्डरशी नंतर काही पुरवणी करार केला आहे का, सदनिका राहण्यासाठी घेतली की आणखीही सदनिका नावावर आहेत, आणि शेवटचा रकाना: नेमके काय हवे. ताबा आणि विलंबाचे व्याज, की सगळे पैसे व्याजासह परत.

अशाच एका गटाचा भरलेला तक्ता समोर आला तेव्हा एक वाटणारा वाद चार तुकड्यांत पडला. ए आणि बी विंगच्या सगळ्या करारांत ताब्याची तारीख एकच होती. सी विंगचे करार पुढच्या वर्षी झालेले, त्यांची तारीख दीड वर्ष पुढची. सी विंगमधल्या चौघांनी बिल्डरच्या कार्यालयात बोलावल्यावर पुरवणी करारावर सही करून नवी तारीख मान्य केलेली. आणि तिन्ही विंगमध्ये मिळून काही जणांना घर नकोच होते, त्यांना पैसे परत हवे होते. हे सगळे एका तक्रारीत कोंबले असते, तर सामनेवाल्यांच्या, म्हणजे बिल्डरच्या, कैफियतीतला (लेखी उत्तरातला) पहिला परिच्छेद आम्हीच लिहून दिल्यासारखे झाले असते. ए-बी विंगची संयुक्त तक्रार झाली, सी विंगची वेगळी, पैसे परत मागणाऱ्यांची वेगळी. पुरवणी करारवाल्या चौघांना स्वतंत्र सल्ला दिला, कारण ती सही दबावाखाली आणि एकतर्फी अटींवर घेतली गेली हे त्यांना आधी दाखवावे लागणार होते. एकतर्फी अटींबाबत पायोनियर अर्बन विरुद्ध गोविंदन राघवन हा २०१९ चा निकाल ग्राहकाच्या चांगला कामाला येतो. बिल्डरने स्वतःच्या सोयीने लिहिलेल्या अटी खरेदीदारावर लादता येत नाहीत आणि अशा अटी करारात घालणे हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे, असे तो सांगतो.

पैशाचे गणित आता पाहू. २०२१ च्या नियमांनुसार दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यावर २ कोटींपर्यंत राज्य आयोग, त्यावर राष्ट्रीय आयोग. समजा तुमच्या सदनिकेसाठी प्रत्येकी ७० लाख दिले गेले आहेत. एकट्याने गेलात तर राज्य आयोग. प्रातिनिधिक तक्रारीत सगळ्यांची रक्कम एकत्र धरली जाते, म्हणजे २४० गुणिले ७० लाख, १६८ कोटी. तक्रार थेट दिल्लीला राष्ट्रीय आयोगात. ३८ जणांची रक्कम एकत्र केली तरी २६ कोटी ६० लाख होते, म्हणजे पुन्हा दिल्लीच. फीची चिंता नको. एकट्याला २,००० रुपये आणि १० कोटींच्या वर कितीही रक्कम असली तरी ७,५०० रुपये. दिल्लीचा त्रास प्रवासाचा आणि तारखांचा आहे, जरी आता बऱ्याच सुनावण्या व्हिडिओवरून होतात. फायदाही एक आहे: राष्ट्रीय आयोगाच्या मूळ आदेशावर अपील थेट सर्वोच्च न्यायालयात, मधली पायरी वाचते. राज्य आयोगात जिंकलात तर बिल्डर आधी राष्ट्रीय आयोगात अपील करतो. ताब्याच्या प्रकरणांत बिल्डरला वेळ हवा असतो, त्यामुळे ही एक पायरी वाचणे किरकोळ नाही.

प्रातिनिधिक तक्रारीला परवानगी मिळाली की खर्चाचा खरा टप्पा येतो. ऑर्डर १ नियम ८ प्रमाणे सगळ्या संबंधितांना नोटीस द्यावी लागते, व्यक्तिशः किंवा वर्तमानपत्रातल्या जाहिरातीने, आणि खर्च तक्रारदाराचा. नोटीस वाचून कोणीही अर्ज करून पक्षकार होऊ शकतो. 'मला वगळा' असे कळवण्याची अमेरिकेसारखी सरळ सोय मात्र या नियमात नाही. निकाल सगळ्यांवर बंधनकारक असतो. म्हणून जे ग्रुपमध्ये नाहीत त्यांना आयते पैसे मिळणार का, या शंकेचे उत्तर असे: जिंकलात तर फायदा त्यांनाही, हरलात तर तोटाही त्यांना. परवानगी मिळाल्यावर त्याच गाऱ्हाण्यासाठी दुसरी सामूहिक तक्रार चालत नाही आणि नव्याने एकट्याची वेगळी तक्रार करणेही अवघड होते. वर्तमानपत्रात आपल्या प्रकल्पाच्या नावाची अशी नोटीस दिसली, तर कापून ठेवून विसरू नका. त्याच आठवड्यात कोणाला तरी दाखवा.

या नियमातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग तडजोडीबद्दलचा आहे आणि त्याची चर्चा फार कमी होते. गटाची एकजूट फोडण्याची पद्धत ठरलेली आहे. बिल्डर पुढाकार घेणाऱ्या दोघा-तिघांना वेगळे बोलावतो, त्यांना ताबा किंवा रक्कम देऊ करतो, आणि त्यांनी पुरसिस (आयोगाला द्यायचे लेखी निवेदन) देऊन तक्रार मागे घ्यावी अशी अपेक्षा ठेवतो. प्रातिनिधिक तक्रारीत हे परस्पर होऊ शकत नाही. सगळ्यांना नोटीस दिल्याशिवाय तक्रार मागे घेता येत नाही, मागणीचा कोणताही भाग सोडता येत नाही, तडजोड नोंदवता येत नाही. पुढे आलेला माणूस ढिला पडला तर आयोग त्याच्या जागी समान हिताचा दुसरा माणूस आणू शकतो. संयुक्त तक्रारीत हे संरक्षण नाही. ज्याचे समाधान झाले तो आपले नाव कमी करून घेऊ शकतो. म्हणून संयुक्त तक्रार करणाऱ्या प्रत्येक गटाला मी सांगतो की वकीलपत्रावर सह्या करण्याआधी आपसात एक साधा लेखी करार करा. वर्गणी किती आणि कधी, हिशेब कोण ठेवणार, बिल्डरशी बोलणी कोण आणि किती जण मिळून करणार, आणि एखाद्याने मध्येच तडजोड केली तर भरलेली वर्गणी परत मिळणार नाही. पैशांसाठी वेगळे बँक खाते ठेवा. गट मोडतात ते बिल्डरमुळे जेवढे, तेवढेच हिशेबाच्या संशयामुळे. हे फार वाईट वाटते, कारण टाळता येण्यासारखे असते.

मग ३५(१)(सी) उपयोगाचे कुठे? जिथे माणसामाणसांत फरक नाही तिथे. एकाच मॉडेलच्या उपकरणात एकच उत्पादनदोष, एकाच विमा योजनेच्या सगळ्या ग्राहकांकडून चुकीने कापलेली एकच रक्कम, एकाच शिकवणीवर्गाने एकच जाहिरात करून घेतलेली फी आणि मध्येच बंद केलेले वर्ग. अशा प्रकरणात एकट्याचे नुकसान इतके छोटे असते की तो वकिलाकडे जाणारच नाही. दोष सगळ्यांचा सारखा असल्यामुळे एकाचा पुरावा सगळ्यांना पुरतो. आयोगापुढे बाधित ग्राहकांचा नेमका आकडा द्यावाच लागतो असे नाही. ग्राहक अनेक आहेत, गाऱ्हाणे एक आहे, मागणी एक आहे हे परवानगीच्या अर्जात मुद्देसूद आणि पुराव्यासह मांडावे लागते. 'इतर अनेक ग्राहकही बाधित आहेत' या एका वाक्यावर परवानगी मिळत नाही. आणखी एक तरतूद ध्यानात ठेवा. बाधित ग्राहक सहज शोधता येण्यासारखे नसतील, तर आयोग कंपनीला ठरावीक रक्कम भरायला लावू शकतो आणि ती रक्कम अशा ग्राहकांना विकलेल्या सदोष मालाच्या किंवा सेवेच्या किमतीच्या २५ टक्क्यांपेक्षा कमी असू शकत नाही. जुन्या कायद्यात हे प्रमाण ५ टक्के होते. ही मोठी वाढ आहे आणि ग्राहक संघटनांनी ती आणखी नेटाने वापरायला हवी.

सरकारही तक्रार करू शकते. मॅगी नूडल्सच्या प्रकरणात केंद्र सरकारने नेस्ले कंपनीविरुद्ध ऑगस्ट २०१५ मध्ये राष्ट्रीय आयोगात सुमारे ६४० कोटींची मागणी केली होती. एप्रिल २०२४ मध्ये ती तक्रार फेटाळली गेली. सरकार तक्रारदार असूनही जवळपास नऊ वर्षे लागली आणि शेवटी हाती काही आले नाही, हे सामूहिक तक्रारीकडे झटपट उपाय म्हणून पाहणाऱ्यांनी लक्षात घ्यावे. २०१९ च्या कायद्याने केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणही आणले आहे. ते ग्राहकवर्गाच्या वतीने चौकशी करते, माल परत मागवायला किंवा पैसे परत द्यायला सांगते, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर दंड लावते. कोविडच्या टाळेबंदीत रद्द झालेल्या विमान तिकिटांचे अडकलेले पैसे प्रवास संकेतस्थळांकडून सोडवण्यात या प्राधिकरणाने चांगले काम केले. वैयक्तिक नुकसानभरपाई मात्र ते ठरवत नाही, त्यासाठी आयोगच.

नोंदणीकृत ग्राहक संघटनाही तक्रार दाखल करू शकते. मुंबई ग्राहक पंचायतीसारखी जुनी, अनुभवी संस्था मागे असेल तर गटाला दिशा मिळते. पण स्वतःच्याच इमारतीची संस्था पुढे करून तक्रार करायचा विचार असेल, तर थांबा. शोभा हिबिस्कस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटले की कायद्याच्या सक्तीने स्थापन झालेली सदनिकाधारकांची संस्था ही 'स्वेच्छा ग्राहक संघटना' नव्हे. तो प्रश्न कर्नाटकच्या कायद्याखालचा होता, पण महाराष्ट्रातही सामनेवाले तो पुढे करतातच. सदस्यांनी स्वतःच्या नावाने जावे, हे सुरक्षित.

महारेराचा, म्हणजे रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याखालच्या महाराष्ट्रातल्या प्राधिकरणाचा, रस्ताही खुला आहे. इंपीरिया स्ट्रक्चर्स विरुद्ध अनिल पटनी या २०२० च्या निकालानुसार रेरा आल्यामुळे ग्राहक आयोगाचा मार्ग बंद झालेला नाही, निवड खरेदीदाराची. फक्त विलंबाचे व्याज हवे असेल आणि प्रकल्प जवळपास पूर्ण असेल, तर महारेरा माझ्या मते सुटसुटीत. मानसिक त्रास, भाडे, सेवेतल्या त्रुटी असे सगळे मागायचे असेल तर आयोग बरा. आणि बिल्डरविरुद्ध दिवाळखोरीचा अर्ज दाखल झाला आहे का, हे एनसीएलटीच्या संकेतस्थळावर आजच तपासा. तो अर्ज मान्य होऊन स्थगिती लागू झाली की आयोगातली तक्रारही थांबते आणि तुम्हाला ठरलेल्या मुदतीत धनको म्हणून दावा नोंदवावा लागतो.

मुदत दोन वर्षांची आहे, कलम ६९. ताबाच मिळालेला नसेल तर तक्रारीचे कारण रोज चालू राहते, ही भूमिका पक्की आहे, त्यामुळे तीन वर्षे झाली म्हणून तुमचा हक्क गेलेला नाही. पण ज्यांनी मधल्या काळात ताबा घेतला आहे त्यांच्यासाठी घड्याळ सुरू झाले आहे. ताबा घेतला किंवा खरेदीखत झाले म्हणून विलंबाची भरपाई मागता येत नाही, असे बिल्डर सांगेल. ते खरे नाही. बंगळुरूच्या ३३९ सदनिकाधारकांच्या डीएलएफ सदर्न होम्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हे म्हणणे फेटाळले आणि विलंबापोटी वार्षिक ६ टक्के दराने भरपाई दिली.

तेव्हा तुमच्या ३८ जणांसाठी क्रम असा. या आठवड्यात तक्ता भरा आणि प्रत्येकाच्या करारनाम्याची, पावत्यांची, बिल्डरच्या ईमेलची प्रत एका जागी आणा. एकसारख्या करारांचे आणि एकसारख्या मागणीचे जेवढे जण निघतील त्यांची संयुक्त तक्रार करा. वेगळे पडतील त्यांना त्यांच्या गटानुसार दुसरी. उरलेल्या २०२ जणांना कळवा. यायचे असेल तर दाखल होण्याआधी या, म्हणजे नंतर पक्षकार होण्यासाठी वेगळा अर्ज लागणार नाही. तक्रार ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या संकेतस्थळावर ऑनलाइन दाखल होते. त्याआधी सगळ्यांच्या सहीची एक नोटीस बिल्डरला स्पीड पोस्टाने पाठवा आणि तिच्यात प्रत्येकाचा सदनिका क्रमांक, करारातली ताब्याची तारीख आणि भरलेली रक्कम लिहा. पुढे आदेश झाल्यावर बिल्डरने पाळला नाही तर दरखास्त (आदेशाच्या अंमलबजावणीचा अर्ज) दाखल करावी लागते. आदेश न पाळल्यास एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान २५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद कलम ७२ मध्ये आहे. त्या वेळी कोणाचे किती येणे आहे हे आदेशातच नावानिशी लिहिलेले असेल तर वसुली सोपी जाते. म्हणून तक्रारीतल्या मागणीच्या परिच्छेदाला हाच तक्ता परिशिष्ट म्हणून जोडा आणि प्रत्येकाच्या रकमेसमोर त्याची सही घ्या.